प्रयागबाईंचं शेवाळ

प्रयागबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी पदरानं नाक दाबून धरलं होतं. बारामतीतल्या आमच्या संस्थेच्या आवारात स्पिरुलिनाच्या टाक्या होत्या, आणि बचत गटांच्या वीस बायकांना मी त्या दाखवत होते. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतल्यापासून मी तिथं प्रशिक्षणाचंच काम करते. टाकीतलं गडद हिरवं पाणी ढवळलं की त्याला मासळीसारखा उग्र वास सुटतो. नव्या बायका मागं सरकतात. प्रयागबाई नाक दाबून पुढं आल्या आणि वाकून बघू लागल्या.

"मॅडम, हे तर शेवाळ हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या हौदात बी येतंय. आमी घासून काढतो, तुमी खाता व्हय?"

बायका खो-खो हसल्या. मी समजावलं, की हौदातलं शेवाळ निराळं, ते चुकूनही तोंडात घालायचं नाही. हे सोड्याच्या स्वच्छ पाण्यात मुद्दाम वाढवलेलं असतं. मग आम्ही आत गेलो. पडद्यावर मी फायदे दाखवले. भरपूर प्रथिनं, लोह, रक्तवाढीला मदत, रोगप्रतिकारशक्ती वाढते, त्वचा उजळते, केस गळायचे थांबतात. शंभरदा सांगून पाठ झालेलं होतं, मी घडाघडा बोलत गेले. प्रयागबाईंना लिहिता येत होतं, पण सावकाश. त्यांनी सगळं उतरवून घेतलं आणि माझ्यासाठी अर्धी दुपार थांबल्या, राहिलेली एक ओळ विचारायला.

त्या अंथुर्ण्याच्या. वय अठ्ठेचाळीस. नवरा मानसिंग, तीन एकर ऊस, थोडी मका, दोन म्हशी. एकुलती एक मुलगी राजलक्ष्मी कन्हेरीला दिलेली. बाईंच्या अंगात रक्त नव्हतं. हिमोग्लोबिन सात. गोठ्यापासून घरापर्यंत वैरणीचा भारा आणताना मध्ये दोनदा खाली ठेवावा लागायचा. मी त्यांना पावडरीचं एक पाकीट दिलं आणि आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्याही चालू ठेवायला सांगितल्या. त्या गोळ्या त्या आजवर कोनाड्यात टाकून देत होत्या. आता सकाळी ताकातून चमचाभर पावडर आणि जेवल्यावर गोळी, असं चार महिने चाललं. रक्त तपासलं तर अकरा भरलं. त्यात गोळ्यांचा वाटा किती आणि पावडरीचा किती, हे मलाही सांगता आलं नसतं. पण प्रयागबाईंच्या मनात शंका नव्हती. गोळ्या काय, सगळ्यांनाच मिळतात. गुण आला तो शेवाळाचा.

त्यांनी घरामागं सिमेंटची टाकी बांधून घेतली. दहा फूट रुंद, वीस फूट लांब, खोली जेमतेम गुडघाभर. वर हिरवी जाळी. माझ्याकडून बी म्हणून दोन कॅन हिरवं पाणी नेलं आणि ते वाढवत नेलं. दिवसातून सात-आठ वेळा लाकडी फावड्यानं ढवळायचं, नाहीतर ते तळाला बसतं आणि कुजतं. सकाळी पातळ कापडातून गाळायचं, पिळायचं, आणि शेवयांच्या साच्यातून पाडून उन्हात वाळवायचं. मानसिंगराव खाटेवर बसून म्हणायचे, "जगाच्या बायका डाळ वाळवत्यात, आन् आमची शेवाळ." पण ढवळायला तेही हात लावायचे.

त्या काळात मी अंथुर्ण्याला बऱ्याचदा गेले. प्रयागबाईंनी अंगणवाडीतल्या किरकोळ अंगाच्या पोरांसाठी थालीपिठात पावडर घालून द्यायला सुरुवात केली होती. ताईंकडून पोरांची वजनं विचारून घ्यायच्या आणि कुणाचं पावशेर वाढलं तरी मला फोन करायच्या. शेजारच्या गावांत बचत गटाच्या बैठकीला त्यांना बोलावणं यायचं. तिथं उभ्या राहून त्या माझीच वाक्यं सांगायच्या, पण माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. "रोगप्रतिकारशक्ती म्हंजे काय? तर आपल्या अंगातलं पोलीस. ह्यानं पोलीस वाढत्यात. मग चोर आत येत न्हाय." हे उदाहरण मला इतकं आवडलं, की मी ते माझ्या प्रशिक्षणात वापरू लागले.

राजलक्ष्मीनं कन्हेरीत घराच्या पुढच्या खोलीत लेडीज पार्लर काढलं होतं. नाकेली, उजळ, हसरी मुलगी. नवरा युवराज बारामतीला एका कारखान्यात नोकरीला, घरात सासू शकुबाई आणि चार वर्षांची मुलगी अश्लेषा. आईची पावडर तिनं चेहऱ्याच्या लेपात घातली. चमचाभर पावडर, दही, थोडं बेसन. वीस मिनिटं ठेवून धुतलं की चेहरा गार आणि तुकतुकीत दिसायचा. लग्नसराईत नवऱ्या मुली "तो हिरवा पॅक" मागायला लागल्या. पार्लरच्या भिंतीवर राजलक्ष्मीनं स्वतःचाच मोठा फोटो लावला होता. तिच्याएवढी चांगली जाहिरात दुसरी कुठली असणार?

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिच्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर लाली आली. ऊन लागलं असेल, असं सगळ्यांना वाटलं. लाली जाईना. थोडी खाज, थोडी आग. गिऱ्हाईकांसमोर ती त्यावर फाउंडेशन लावू लागली. सकाळी बोटं आखडायची, भुवया कोरताना दोरा धरवायचा नाही. अंगात कणकण असायची. तिनं आईला सांगितलं, आणि आईला काय करायचं ते पक्कं माहीत होतं.

प्रयागबाई दर आठवड्याला एसटीनं कन्हेरीला जाऊ लागल्या. पिशवीत ताज्या पावडरीचा डबा. लेकीला समोर बसवून चमचाभर पावडर ताकातून द्यायच्या आणि स्वतःच्या हातानं तिच्या तोंडाला लेप लावायच्या.

"तुझ्या अंगात ताकद न्हाय, म्हनून हे सगळं बाहेर पडतंय," त्या म्हणायच्या. "मला बघ. सातावरनं अकरावर आले का न्हाय?"

लेप लावला की आग शमायची, दोन दिवस बरं वाटायचं. मग लाली दुप्पट होऊन यायची. महिनाभरात ताप राहू लागला तेव्हा प्रयागबाईंनी एकाचे दोन चमचे केले. सकाळी एक, संध्याकाळी एक. राजलक्ष्मीला वासानं उमासे यायचे. पण आई एवढी लांबून घेऊन येते म्हणून नाक दाबून प्यायची.

केस मूठमूठ गळू लागले. तोंडात फोड आले. पार्लरला येणाऱ्या बायका कमी झाल्या. एक नवरी मुलगी आईबरोबर दारापर्यंत आली, राजलक्ष्मीचं तोंड बघून आत न येताच परत फिरली. जाता जाता आई म्हणाली ते आतपर्यंत ऐकू आलं. "जिला सोताचं त्वांड नीट करता येत न्हाय, ती दुसऱ्याचं काय करणार?" राजलक्ष्मीनं त्या दिवशी भिंतीवरचा फोटो काढून ठेवला.

पाय सुजले तेव्हा युवराज तिला बारामतीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. लघवी तपासली, रक्त तपासलं, आणि त्यांनी पुण्याला पाठवलं. प्रयागबाई बरोबर गेल्या. पुण्याच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या, सगळं विचारत होत्या. शेवटी त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ल्यूपस. अंगातली रोगाशी लढणारी शक्तीच वाट चुकते आणि आपल्याच अवयवांवर हल्ला करते. गालावरची लाली, सांधे, केस, सगळं त्याच एका आजाराचं. आता तो मूत्रपिंडापर्यंत गेला होता.

"औषधं सोडून आणखी काही घेता का? काढा, पावडर, टॉनिक?"

राजलक्ष्मीनं आईकडे पाहिलंसुद्धा नाही. युवराजच बोलला. "स्पिरुलिना घेते. दोन चमचे. ह्या देतात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हा आजार पावडरीमुळे झाला असं मी म्हणणार नाही. तो आधीपासून अंगात असणार. पण या आजारात रोगप्रतिकारशक्तीला आणखी चेतवेल असं काही द्यायचं नसतं. स्पिरुलिना घेतल्यावर आजार भडकलेले काही रुग्ण नोंदवले गेलेत. आजपासून बंद."

"किती भडकला त्यानं?" प्रयागबाईंनी विचारलं.

"ते कुणालाच सांगता येणार नाही, आजी."

दुसऱ्या दिवशी मला त्यांचा फोन आला. रोजच्यासारखा नमस्कार नाही, काही नाही.

"मॅडम, एक इचारायचं हुतं. शेवाळ कुणी खाऊ न्हाय, असं असतंय का?"

मी म्हणाले, बघून सांगते. फोन ठेवला आणि कपाटातून इंग्रजी पुस्तिका काढली. तीवरूनच मी मराठी माहितीपत्रक तयार केलं होतं. शेवटच्या पानावर एक बारीक परिच्छेद होता. स्वतःच्या शरीरावर उलटणारे ल्यूपससारखे आजार असलेल्यांनी घेऊ नये. काही दुर्मिळ जन्मजात आजार असलेल्यांनी घेऊ नये. गरोदरपणात डॉक्टरांना विचारावं. माहितीपत्रकाला चार पानांची मर्यादा होती. फायद्यांतच चार पानं भरली, म्हणून तो परिच्छेद मी सोडून दिला होता. वाचून सोडला होता, हे मला स्वच्छ आठवतं. अशी माणसं असून असून असणार किती, असं तेव्हा वाटलं होतं.

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. मी अंथुर्ण्याला गेले. प्रयागबाई टाकीजवळ बसल्या होत्या, फावडं मांडीवर आडवं. मी पुस्तिका उघडून त्यांच्यासमोर धरली आणि ओळ न् ओळ मराठीत सांगितली. तो परिच्छेद मी माहितीपत्रकातून गाळला, हेही सांगितलं.

त्या बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं.

"तुमी लिवलं असतं तरी काय झालं असतं?" त्या अखेर म्हणाल्या. "तिला ह्यो आजार हाय हे मला कुठं ठावूक हुतं? मी म्हणलं असतं, आपल्यात असलं कुणाला न्हाय."

मला वाटलं, त्या मला दोषातून सोडवतायत. पण त्या पुढं बोलल्या.

"पर मॅडम, ताप आल्यावर तरी मी थांबले असते. एकाचं दोन चमचं केलं नसतं."

मानसिंगराव गोठ्याच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तोंड फिरवून ते म्हशीपुढं वैरण टाकू लागले.

पुढची दोन वर्षं राजलक्ष्मीची औषधं चालली. स्टिरॉइडनं तिचा चेहरा गोल, पुरीसारखा सुजला. लाली गेली, पण ओळखू येईना. उन्हात जायला बंदी होती. ती पार्लरच्या खोलीत पडदे लावून बसायची, अश्लेषाची वेणी घालायची, कधी कधी माझ्याशी फोनवर बोलायची. एकदा म्हणाली, "मॅडम, आईला सांगा, तिच्यामुळं न्हाय झालं. मी सांगितलं की ती म्हणती, तू मला बरं वाटावं म्हणून बोलतीस."

"आणि तुला काय वाटतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"मला काय म्हाईत, मॅडम. डॉक्टरला म्हाईत न्हाय तिथं."

प्रयागबाई कन्हेरीला जात राहिल्या, पण आता लेकीजवळ नुसत्या बसायच्या. सुजलेले पाय चेपू का म्हणून विचारायच्या. शकुबाईंनी त्यांना उघडपणे कधी बोल लावला नाही. फक्त प्रयागबाई आल्या की शकुबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या, प्रयागबाई लेकीच्या खोलीत जाऊन परत बाहेर येईपर्यंत.

औषधांना मूत्रपिंडांनी दाद दिली नाही. डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. आईचं मूत्रपिंड जुळतंय का, ते बघायचं ठरलं. प्रयागबाई तपासणीला गेल्या तेव्हा नवी साडी नेसून गेल्या होत्या. कित्येक महिन्यांनी त्या मला उत्साहात दिसल्या. "माजं घ्या म्हणलं, दोनी घ्या," असं त्यांनी तिथल्या नर्सला सांगितलं. पण त्यांना स्वतःलाच साखरेचा आजार निघाला, तोही जुना. मूत्रपिंड घेता येणार नाही, असं सांगण्यात आलं. मानसिंगरावांचा रक्तगट जुळत नव्हता. दुसऱ्या कुणाचं मूत्रपिंड मिळावं म्हणून यादीत राजलक्ष्मीचं नाव लागलं. यादी हलली नाही.

राजलक्ष्मी गेली ती मात्र न्यूमोनियानं. औषधांनी अंगातली लढायची शक्ती मुद्दाम खाली आणलेली होती, त्यात साधा खोकला झाला, आणि सहा दिवसांत संपलं. वय एकोणतीस. दवाखान्यातून तिला कन्हेरीला आणलं तेव्हा मी तिथं होते. प्रयागबाई रडल्या नाहीत. लेकीच्या चेहऱ्यावरची सूज उतरली होती का, ते त्या पुन्हा पुन्हा बघत होत्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "एवढी ताकद वाढवली, मॅडम. एवढी वाढवली."

तेराव्यानंतर मी अंथुर्ण्याला गेले. टाकी पिवळी पडली होती. कुणी ढवळलं नव्हतं, सगळं तळाला बसून कुजलं होतं, आणि वासानं रस्त्यावरूनच कळत होतं. अंगणवाडीच्या ताई कुशाबाई आदल्या दिवशी येऊन गेल्या होत्या, पोरांसाठी पुन्हा सुरू करा म्हणून सांगायला. पोरांना त्यानं गुणच येत होता, हे खरं होतं. मी म्हणाले, मी नवं बी आणून देते, गटातल्या दुसऱ्या बायका बघतील.

"बघू द्या की," प्रयागबाई म्हणाल्या. "चांगलंच हाय ते. चांगल्याला मी वाईट म्हणणार न्हाय. फकस्त माज्या दारात नको."

दुसऱ्या बायकांनी दोन महिने केलं आणि सोडलं. प्रयागबाईंसारखं दिवसातून आठ वेळा उठून जायचं कुणाला जमलं नाही. पोरांची थालीपिठं पुन्हा साधी झाली. मी माझ्या माहितीपत्रकात तो परिच्छेद घातला, पहिल्याच पानावर, चौकटीत. बायका तो वाचतात आणि पान उलटतात. मला राग येत नाही. आपल्यात असलं कुणाला नाही, असंच प्रत्येकीला वाटत असणार.

यंदा संक्रांतीनंतर मी प्रयागबाईंना माझ्या गाडीतून कन्हेरीला नेलं. त्यांना नातीला भेटायचं होतं, आणि एसटीतून उतरून पुढं चालणं आता त्यांना होत नाही. मांडीवर स्टीलचा डबा होता, शेंगदाण्याच्या लाडवांचा. गूळ, शेंगदाणे, वेलदोडा, दुसरं काही नाही. वाटेत त्यांनी हे मला दोनदा सांगितलं.

शकुबाईंनी बसायला चटई टाकली, चहा ठेवला. डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, "कशाला आणायचं एवढं," असं म्हणाल्या आणि आत नेऊन ठेवला. आत फळीवर डबा सरकवल्याचं आम्हाला ऐकू आलं. युवराज कामावर होता. पार्लरच्या खोलीत पशुखाद्याची पोती रचलेली दिसत होती.

अश्लेषा शाळेतून आली. आता आठ वर्षांची, आईसारखंच नाक. आजीला बघून थबकली, मग येऊन शेजारी बसली. प्रयागबाईंनी कमरेच्या पिशवीतून वेगळा ठेवलेला एक लाडू काढला आणि तिच्यापुढं धरला.

"न्हाय," अश्लेषा म्हणाली. आवाजात राग नव्हता. शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं ती म्हणाली, "अंथुर्ण्याच्या आज्जीनं दिलेलं खायाचं न्हाय."

चहाचा कप घेऊन येणाऱ्या शकुबाई दारातच थांबल्या. "लहान हाय, काय बी बोलती," त्या म्हणाल्या. पण लाडू घे, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी प्रयागबाईंकडे बघू शकले नाही.

"बरोबर हाय, बाळा," प्रयागबाई म्हणाल्या. "मोठ्यांनी सांगितलंय तर ऐकायचं." लाडू त्यांनी परत पिशवीत ठेवला आणि पिशवीच्या नाडीला गाठ मारली. मग त्यांनी शाळेत काय शिकवलं ते विचारलं, आणि पोरगी पाढे म्हणायला लागली.

त्या अजूनही दोन-तीन महिन्यांनी माझ्या गाडीतून कन्हेरीला जातात. काही नेत नाहीत. तासभर बसतात, नातीशी बोलतात, आणि दिलेला चहा पिऊन उठतात.